कुंपणाच्या दोन्ही बाजू

१९०३ साली एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट केला. त्यात दरोडेखोरांचा म्होरक्या एका दृश्यात सरळ कॅमेऱ्याकडे बघतो, पिस्तूल रोखतो आणि प्रेक्षकावर गोळ्या झाडतो. गोष्टीशी या दृश्याचा काही संबंध नाही. खेळ लावणाऱ्यानं ते हवं तर आधी दाखवावं, हवं तर शेवटी, अशी मोकळीक होती. वेस्टर्न म्हणून पुढे जगभर पसरलेल्या सिनेमाची सुरुवात साधारण इथून धरतात. त्यानंतर एकशे दहा वर्षांनी, २०१३ साली, सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ पूर्ण केला. त्याच्या शेवटी जब्या हा कैकाडी पोरगा दगड उचलून भिरकावतो, तो दगड आपल्या अंगावर येतो आणि पडद्यावर अंधार होतो.

पहिल्या दृश्याला प्रेक्षक दचकला आणि हसत घरी गेला. दुसऱ्या दृश्यानंतर हसता येत नाही, कारण हा दगड आपल्याला का मारला गेला हे तोवर पुरतं कळलेलं असतं. ‘फँड्री’ला कोणी वेस्टर्न म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण पडद्यावरून प्रेक्षकावर धरलेल्या या दोन नेमांच्या मधे एक कथाप्रकार केवढी वाट चालला, त्या वाटेवर कोणाकोणाच्या जमिनी लागल्या आणि सोलापूरच्या माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

वेस्टर्न म्हटलं की रुंद कडांची टोपी, घोडा, कमरेचं पिस्तूल, धुळीनं भरलेला एकच रस्ता आणि त्यावर समोरासमोर उभी दोन माणसं, एवढं लगेच आठवतं. या वस्तू काढून घेतल्या तरी वेस्टर्न शिल्लक राहतो. उरते ती एक परिस्थिती. मोकळा मुलूख आहे. तिथं माणसं पोचली आहेत, पण कायदा पोचलेला नाही, किंवा पोचला असला तरी कुणा बड्याच्या खिशात आहे. गावावर त्या बड्याची हुकमत चालते. अशा वेळी बाहेरून एक माणूस येतो. त्याचा मागचा इतिहास गावाला माहीत नाही. त्याला गावात राहायचं नाही, पण गावाचं दुखणं बघून निघूनही जाववत नाही. मग न्याय कोणी करायचा, कशानं करायचा, आणि तो करून झाल्यावर करणाऱ्याला गावात जागा उरते का, हे प्रश्न उभे राहतात. जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘शेन’ (१९५३) यातल्या शेवटच्या प्रश्नाभोवती रचलेला आहे. फ्रेड झिनेमन यांच्या ‘हाय नून’मध्ये (१९५२) गावाचा मार्शल मदत मागत दारोदार फिरतो आणि एकही जण बाहेर पडत नाही. दोन्ही सिनेमांत निर्णायक गोळीबार शेवटच्या काही मिनिटांत आटोपतो. बाकी सगळा वेळ गाव म्हणजे काय, याचाच विचार चाललेला असतो.

ज्या काळावर हा डोलारा उभा आहे तो काळ फार छोटा होता. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकेत पश्चिमेला जाऊन वसणाऱ्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळू लागली. १८६७पासून टेक्सासमधली गुरं शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत नेण्याचा धंदा जोरात सुरू झाला. हे काम करणारे गुराखी म्हणजेच काउबॉय. त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजूर मोठ्या संख्येनं होते, जे पुढे सिनेमात फारसे दिसलेच नाहीत. १८६९ साली पूर्व आणि पश्चिम किनारे रेल्वेनं जोडले गेले. १८७४ साली इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोकळं गवताळ रान तारेनं तुकड्यातुकड्यांत बांधलं गेलं. डिसेंबर १८९०मध्ये वूंडेड नी इथं अमेरिकी सैन्यानं लाकोटा लोकांची कत्तल केली, त्यांत बायका आणि मुलंही होती. १८९३ साली इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी सीमाभागाचा काळ संपल्याचं सांगून टाकलं. म्हणजे ज्याला आपण ‘त्या काळी’ म्हणतो तो सगळा मिळून पंचवीस-तीस वर्षांचा ऐवज.

तो चालू असतानाच त्याचा तमाशा उभा राहिला होता. बफेलो बिल कोडी यांनी १८८३मध्ये ‘वाइल्ड वेस्ट’ नावाचा खेळ काढला. त्यात खरे गुराखी होते, खरे घोडे होते, आणि १८८५च्या हंगामात लाकोटांचे पुढारी सिटिंग बुलही तिकीट काढून आलेल्या गर्दीसमोर उभे राहिले होते. पाच वर्षांनी अटक करायला आलेल्या पोलिसांच्या गोळीनं ते मारले गेले. ज्याचा मुलूख हिरावून घेतला त्यालाच रिंगणात उभं करून पराभवाचा खेळ दाखवायचा, ही गोष्ट वेस्टर्नच्या जन्मातच आहे. या प्रकारावर प्रेम करणाऱ्यानं ती विसरू नये. स्वस्त किमतीच्या चोपड्या, मग ओवेन विस्टर यांची ‘द व्हर्जिनियन’ (१९०२), झेन ग्रे यांच्या कादंबऱ्या, १९३३पासून रेडिओवरचा ‘लोन रेंजर’, १९५५पासून वीस वर्षं चाललेली ‘गनस्मोक’ ही टीव्ही मालिका, असा हा पसारा वाढत गेला. माध्यम बदललं की नायकाचा पोशाख आणि बोलणं बदलायचं. कुंपण मात्र तसंच राहायचं.

कुंपण हा या पुस्तकाचा धागा आहे. वेस्टर्नमधला घोडा, बंदूक, सोनं, सूड ही सगळी पुढची गर्दी. मागे सतत एकच गोष्ट घडत असते: कालपर्यंत मोकळी असलेली जमीन आज कुणीतरी आखून घेतो, आणि त्या रेघेमुळे काही माणसं आतली ठरतात, काही बाहेरची. रेघ आखणाऱ्याला कायदा म्हणतात, रेघ ओलांडणाऱ्याला गुन्हेगार. चांगला वेस्टर्न त्या रेघेवर उभा राहून दोन्हीकडे बघतो. वाईट वेस्टर्न एका बाजूला बसून दुसऱ्या बाजूवर गोळ्या झाडतो. हा निकष मी पुस्तकभर लावला आहे आणि त्यात माझ्या आवडत्या कलाकृतींनाही सवलत दिलेली नाही.

ही गोष्ट अमेरिकेपुरती राहिली नाही, आणि ती सांगणारे पुष्कळ जण त्या मुलखात राहिलेलेही नव्हते. विनेटू हा अपाची नायक जर्मनीतल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात बसवणारे कार्ल माय अमेरिकेला पहिल्यांदा गेले ते १९०८ साली, म्हणजे त्या कादंबऱ्या लिहून झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी. जे. टी. एडसन मेल्टन मोब्रे या इंग्लंडमधल्या गावी बसून टेक्सासच्या गोष्टी लिहीत. ऑलिव्हर स्ट्रेंज या इंग्रज लेखकाचा ‘सडन’ तर आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरला. जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी जॉन फोर्ड यांच्या सिनेमांवर जीव लावला आणि ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) केला. अमेरिकेनं त्याचा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०) करून घेतला. कुरोसावांच्याच ‘योजिंबो’वरून (१९६१) इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) बेतला, तोही स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उघड्या माळावर चित्रित करून. तिथं एनिओ मोरिकोनेंच्या संगीतात शीळ, चाबूक आणि गिटार एकत्र आले आणि वेस्टर्नला नवा आवाज मिळाला. सोव्हिएत रशियानं ‘व्हाइट सन ऑफ द डेझर्ट’ (१९७०) मध्य आशियाच्या वाळवंटात नेऊन ठेवला. ज्या देशाला स्वतःचा माळ आहे आणि त्या माळावर सत्ता पोचतानाची आठवण आहे, त्या प्रत्येक देशाला ही गोष्ट आपली वाटली.

आपला माळ मुळीच लहान नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ रानात माळढोकासाठी अभयारण्य केलं ते त्या रानात मैलोन्‌मैल मोकळेपणा होता म्हणून. तिथं काळवीट आहे, लांडगा आहे, आणि लांडग्यापासून मेंढरं राखणारा धनगरही आहे. सांगोला-माळशिरसची, मेंढरं घेऊन पाऊसमानानुसार फिरणारी कुटुंबं आहेत. अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. पालखी आली की रिंगणात अश्व धावतो आणि हजारो माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी आणि पलीकडचं बरड, ज्याच्याकडे काळं रान तो बागायतदार नसला तरी गावात मोठा, आणि बरडावर राहणारा कायमचा उपरा, हा भेद इथल्या पोराला शाळेत जायच्या आधी कळतो. म्हणून या भागातल्या प्रेक्षकाला वेस्टर्न समजावून सांगावा लागला नाही.

शिवाय सोलापूर एका भाषेचं गाव नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही भाषा इथल्या चौकात ऐकू येतात. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत यंत्रमागाबरोबर तेलुगू सिनेमाची गाणी चालत आली आहेत. त्या तेलुगूत १९७१ साली के. एस. आर. दास यांनी कृष्णा यांना काउबॉय करून ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ काढला. भारतातला पहिला सरळसरळ काउबॉय सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात. त्याच वर्षी हिंदीत राज खोसलांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ आला, १९७४मध्ये नरेंद्र बेदींचा ‘खोटे सिक्के’ आला, आणि १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’. कन्नड मुलखातल्या रामनगरच्या खडकांत राम येडेकर यांनी रामगढ उभं केलं. माधव शिंदे यांनी त्याचं संकलन केलं, आणि ‘शोले’ला स्पर्धेतलं जे एकमेव फिल्मफेअर मिळालं ते शिंद्यांच्या संकलनाला. विजू खोटे यांचा कालिया आणि सचिन यांचा अहमद तर सर्वांना पाठ आहेत. रामगढ हिंदी बोलत असलं तरी ते बांधणारे आणि जोडणारे हात मराठी होते, हे आपण अभिमानानं सांगायला हवं.

‘शोले’वर या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, पण एक गोष्ट इथेच सांगणं भाग आहे. मूळ शेवटात हात नसलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पोलिसात काम केलेला माणूस कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही. म्हणून पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला घेऊन जातात, असा शेवट जोडला गेला. जून २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्या इथल्या महोत्सवात मूळ शेवटासह दुरुस्त प्रत दाखवली गेली. वेस्टर्नमधला सगळ्यात जुना तंटा, न्याय कायद्याच्या पुढे धावला तर काय करायचं, आपल्याकडे पडद्यावर न सुटता सेन्सॉरच्या टेबलावर सोडवला गेला. सत्तेला हा प्रश्न किती झोंबतो, याचा याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

त्याच १९७५ साली मराठीत ‘सामना’ गाजत होता. दिग्दर्शक जब्बार पटेल पंढरपूरचे, शिकले सोलापुरात. पटकथा विजय तेंडुलकरांची. एका साखरसम्राटाच्या राज्यात दारूच्या आहारी गेलेला एक जुना गांधीवादी मास्तर अचानक येऊन पडतो. हा साखरसम्राट, हिंदुराव धोंडे-पाटील, त्याला खाऊपिऊ घालतो, ठेवून घेतो, आणि मास्तर गावात नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल विचारत राहतो. मांडणी तपासून बघा: एकहुकमी गाव, बाहेरचा माणूस, दडपलेला खून, गप्प बसलेली प्रजा. वेस्टर्नची एकेक वीट जागेवर आहे. फक्त मास्तरकडे पिस्तूल नाही, प्रश्न आहे. निळू फुल्यांच्या हिंदुरावाला त्या प्रश्नाची जी धास्ती वाटते ती पिस्तुलाची वाटली नसती. या प्रकारात मराठी मातीनं घातलेली ही पहिली मोठी भर आहे असं मी मानतो: नेम साधणाऱ्या नायकाच्या जागी, विचारणं न सोडणारा माणूस.

दुसरी भर त्याहून खोल आहे, आणि तिचा पत्ता सोलापूर शहराचा आहे.

१८७१च्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसनं ठरवलं की इथून पुढे कुठल्याही मूलनिवासी जमातीला स्वतंत्र राष्ट्र मानून तिच्याशी करार करायचा नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा झाला. दोन खंडांवरच्या दोन सरकारांनी एकाच वर्षी फिरत्या माणसांचा हिशेब मिटवायला घेतला. १९११नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी अशा जमातींतली कुटुंबं तिथं आणून ठेवली. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचं नाही, आणि गावातल्या गिरण्यांत राबायचं. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांकडे होता. अमेरिकेत राखीव प्रदेश आखले गेले होते आणि इथं अमेरिकन माणसाच्या देखरेखीखाली सेटलमेंट चालत होती. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. सोलापूरच्या कुंपणाची तार १९६० साली पंडित नेहरूंनी आपल्या हातांनी तोडली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावानं ओळखला जातो. ग्लिडनच्या तारेनं जे केलं ते कळायला आम्हाला टेक्सासला जावं लागत नाही.

पाठलाग करणाऱ्यानं पळणाऱ्याची कहाणी लिहायची, ही रीतही आपल्याकडे होती. गडकोटांच्या राखणीचे हक्क गेल्यावर रामोशांना घेऊन बंड करणारे उमाजी नाईक १८३२ साली पुण्यात फासावर गेले. त्यांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशनं पुढच्याच वर्षी रामोशांवर आणि उमाजींवर पुस्तक काढलं. त्या सरकारी पुस्तकाला उत्तर दिलं ते शाहिरांच्या पोवाड्यांनी. आणि १९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांनी ‘फकिरा’ लिहिली. तिच्यात रानोजी दुसऱ्या गावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणतो. आपली शीव गाठलेल्या माणसावर हात टाकायचा नाही हा रिवाज मोडून त्याला मारलं जातं. पुढे त्याचा मुलगा फकिरा हजेरी आणि भूक या दोन्हींविरुद्ध उठतो. घोडा आहे, तलवार आहे, खजिन्याची लूट आहे, शिवेचा कायदा आहे. हॉलिवूडनं या गोष्टीला पाठलागाच्या दृश्यात बसवलं असतं. अण्णा भाऊंनी ती पाठलाग सोसणाऱ्या वस्तीच्या आतून सांगितली, आणि राधेसारखी आई मधोमध उभी केली.

तिथून पुढची परंपरा वाचकाला ठाऊक आहे, पण ती वेस्टर्नच्या शेजारी ठेवून क्वचितच वाचली जाते. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०), भीमराव गस्तींचं ‘बेरड’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (दोन्ही १९८७), करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४). अमेरिकी सिनेमात ज्यांना टेकडीवरून ओरडत येणारी टोळी म्हणून दाखवलं, त्यांचे आपल्याकडचे सोबती इथं स्वतःच्या तोंडानं बोलतात. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ या सिनेमातला (२०१५) धनगर वनखात्यात गेलेल्या जमिनीसाठी कोर्टात झगडतो आणि मेंढरं घेऊन परक्या शिवारात गावगुंडांचा जाच सोसतो. मेंढपाळ आणि जमीनवाले यांची ही लढाई वायोमिंगच्या कितीतरी कहाण्यांत आहे, पण तिथला मेंढपाळ बहुधा कोपऱ्यात असतो. ‘सैराट’मध्ये (२०१६) पिस्तूल आर्चीच्या हातात येतं आणि ते चालवताना ती बिचकत नाही, तरी शेवटी तिला गाठतं ते घरचंच माणूस. हेमंत अवताडे यांच्या ‘घर बंदूक बिरयाणी’त (२०२३) जंगलातली सशस्त्र टोळी, पोलीस आणि बिर्याणी करणारा तरुण एकाच भुकेभोवती गोळा होतात. या सगळ्यांत कॅमेरा कुंपण ओलांडून पलीकडे गेला आहे. अमेरिकेला तिकडे जायला ‘लिटल बिग मॅन’पर्यंत (१९७०) थांबावं लागलं, आणि तेव्हाही गोष्टीचा निवेदक गोराच होता.

कुणी म्हणेल, मग मूळ वेस्टर्न कशाला वाचायचा-बघायचा? याला माझं उत्तर जी. ए. कुलकर्णी यांच्याकडे बोट दाखवून देता येतं. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जीएंनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकी कादंबरीकाराची ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ ही कादंबरीत्रयी मराठीत आणली. ओहायोच्या किर्र जंगलात शिरलेलं एक कुटुंब, मग तोडलेल्या जंगलातलं शेत, मग त्या शेताभोवती वाढलेलं गाव. नेमबाजी जवळजवळ नाही. एक बाई आयुष्यभर झाडांशी झुंजते आणि म्हातारपणी तीच झाडं तिला हवीशी वाटतात. रिक्टर यांच्याच ‘रानातील प्रकाश’मध्ये लेनापी जमातीत वाढलेल्या गोऱ्या मुलाला जबरदस्तीनं ‘घरी’ परत आणतात आणि तो दोन्हीकडचा राहत नाही. जॉन फोर्ड यांचा ‘द सर्चर्स’ (१९५६) याच दुखण्याची दुसरी बाजू आहे: कोमांचींनी नेलेल्या पुतणीला शोधणारा काका तिला सोडवायला निघाला आहे की मारायला, हे त्याचं त्यालाही कळत नाही. आपल्या भाषेतल्या सर्वांत काटेकोर कथाकाराला या मुलखात इतकी वर्षं थांबावंसं वाटलं, ही या साहित्याच्या मोलाची मोठी ग्वाही आहे.

चित्रकथा आणि गेम यांना मी मुद्दाम पूर्ण भाग दिला आहे, कारण पुष्कळांची या प्रकाराशी पहिली ओळख तिथं होते. बेल्जियमच्या मॉरिस यांचा ‘लकी ल्यूक’ १९४६चा, इटलीचा ‘टेक्स’ १९४८चा. दोघेही अजून निघतात. आपल्याकडे टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. डाकू बापाचा हा मुलगा गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. एकट्या नेमबाजाच्या जागी अख्खं गाव पहाऱ्याला बसवणारी ही कल्पना सुरतींची, आणि ती मराठी पोरांनीही मराठीत वाचली. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) हा गेम १८९९ सालात घडतो, म्हणजे सगळं संपत आल्यावर. साठ-सत्तर तास खेळणाऱ्याला आपल्या दरोडेखोर टोळीचा ऱ्हास नुसता पाहता येत नाही. तो स्वतः घडवावा लागतो. ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) आणि पुढे ‘द मँडलोरियन’ने हाच माळ अंतराळात नेला. घोड्याचं यान झालं, पण दारूच्या गुत्त्यातली बोलाचाली आणि एकांडा शिलेदार तसाच राहिला.

वेस्टर्नमधली एक समजूत मात्र मला कधीच पटली नाही, आणि तिचं कारण या शहराच्या इतिहासात आहे. कायदा नसला की माणसं एकमेकांच्या नरडीला लागतात, म्हणून बंदूकवाला एकटा पुरुष लागतो, असं हा कथाप्रकार धरून चालतो. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात गोळीबार झाला, लोक चिडले, पोलीस चौक्या पेटल्या. ९ ते ११ मे हे तीन दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. त्या दिवसांत काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची रहदारी आणि बंदोबस्त सांभाळला, ही आठवण सोलापूर अजून अभिमानानं सांगतं. १२ मेला मार्शल लॉ आला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. वेगवेगळ्या जातिधर्मांची ही चार नावं एका चौकात एकत्र उभी आहेत. या शहरानं पाहिलेली बेकायदेशीर हिंसा कायद्याच्या नावानं आली होती, आणि त्याआधीचे तीन दिवस एकट्या शूरावाचून गेले. असा अनुभव असलेल्या ठिकाणाहून वेस्टर्नकडे बघितलं की त्यातलं शौर्य खोटं वाटत नाही, पण अपुरं वाटतं.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात अमेरिकेचा इतिहास आणि त्यावरून रचलेल्या चोपड्या, खेळ, कादंबऱ्या. दुसऱ्यात पडद्यावरची पन्नास वर्षं, पोर्टर ते फोर्ड. तिसऱ्यात जपान, इटली, जर्मनी, रशिया. चौथ्यात चित्रकथा, टीव्ही, गेम. पाचवा आणि सर्वांत मोठा भाग आपल्याकडचा, हिंदी आणि तेलुगू डाकूपटांपासून विमुक्तांच्या आत्मकथनांपर्यंत. घाई असेल त्यानं पाचव्यापासून सुरू करावं. मागचे भाग तिथून आपोआप ओढून घेतील.

एक विनंती आहे. या कलाकृती जोडीजोडीनं घ्याव्यात. ‘शेन’बरोबर ‘सामना’ बघावा, ‘हाय नून’बरोबर ‘शोले’चा मूळ शेवट, ‘द सर्चर्स’बरोबर ‘रानातील प्रकाश’ वाचावं, क्लिंट ईस्टवुड यांच्या ‘अनफरगिव्हन’बरोबर (१९९२) ‘फकिरा’. प्रत्येक जोडीत रेघ कोणी आखली, कोणाच्या जमिनीवर आखली आणि गोष्ट कोणत्या बाजूनं सांगितली, एवढं विचारावं. या जिल्ह्यात मोबाइलवर लघुपट करणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. त्यांच्या गावांत आता सौर प्रकल्पांची, महामार्गाची, कारखान्यांची नवी कुंपणं पडत आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत. त्यांतल्या कुणी या पुस्तकातून धीर घेऊन आपल्या शिवेवरची गोष्ट आपल्या बोलीत, आपल्या घोड्यामेंढरांसह सांगितली, तर सोलापुरात बसून वेस्टर्नवर इतकं लिहिण्याला अर्थ आला असं मी समजेन.

सोलापूर